वाफेचं इंजिन आणि ते चालवणारी माणसं रंगवताना: खान्देशातल्या चित्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार या भागातले चित्रकार वाफेच्या इंजिनाचं आणि रेल्वे कामगारांचं चित्र काढायला घेतात तेव्हा अडतात त्या जागा जवळपास ठरलेल्या असतात. उत्तरं त्याच क्रमाने दिली आहेत. काहींना पाच ओळी पुरल्या, काहींना पुरल्या नाहीत.

सुरुवात कुठून करावी? इंजिनापासून की माणसापासून?

दोन्हींपासून नाही. चित्रातलं इंजिन त्या क्षणी काय करतंय, ते आधी ठरवा. गाडी निघतेय, जोरात ओढतेय, थांबत आलीय, फलाटावर उभी आहे की शेडमध्ये आग काढली जातेय? एवढं ठरलं की धूर किती, वाफ कुठून, दांडे कुठल्या जागी आणि फायरमनच्या, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्याच्या, हातात काय, हे आपोआप ठरतं. आमच्या पाहण्यात येणारी बहुतेक चित्रं फसतात ती रंगामुळे नाही. धूर सांगतो गाडी जोरात आहे आणि ड्रायव्हर मात्र फोटो काढून घ्यायला उभा असल्यासारखा दिसतो, तिथे ती फसतात.

खान्देशात कुठली इंजिनं होती? कुठलंही वाफेचं इंजिन चालेल का?

खाली गावाचं नाव लिहिणार नसाल तर चालेल. ‘भुसावळ’ लिहिणार असाल तर जपा. चाळीसगाव–जळगाव–भुसावळ ही मुख्य लाइन, सुरतेकडून नंदुरबार-अमळनेरमार्गे येणारी तापी खोऱ्यातली लाइन आणि चाळीसगाव–धुळे फाटा, हे सगळं ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर १६७६ मिमी. पाचोरा–जामनेर ही छोटी गाडी नॅरोगेजवर होती, ७६२ मिमी. मीटरगेजची वायपी किंवा वायजी इंजिनं दिसायला देखणी असली तरी ती भुसावळच्या फलाटावर उभी करता येत नाहीत. जुना रेल्वेवाला ही चूक दुरूनच पकडतो.

स्वातंत्र्यानंतरचा काळ घेतला तर दोन इंजिनं पुरेशी आहेत. मेल-एक्स्प्रेसला डब्ल्यूपी, मालगाडीला डब्ल्यूजी. डब्ल्यूपीची पहिली सोळा इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून १९४७ मध्ये आली. पुढे टोकदार गोल नाक, त्यावर बहुतेक वेळा चांदणी, मधोमध दिवा. चाकांची मांडणी ४-६-२: पुढे चार छोटी, मग सहा मोठी, मागे दोन. डब्ल्यूजी १९५० पासून, मांडणी २-८-२, नाक सपाट, अंगाने दणकट. चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं इंजिन डब्ल्यूजीच होतं. आमचं मत विचाराल तर कामगारांच्या चित्राला डब्ल्यूजी जास्त शोभतं. डब्ल्यूपीचं नाक सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेतं आणि माणूस कोपऱ्यात जातो.

काळाच्या कुठल्या चुका सर्वांत जास्त होतात?

पहिली चूक विजेच्या तारांची. इगतपुरी ते भुसावळ २५ केव्ही विद्युतीकरण साठच्या दशकाच्या अखेरीस झालं. १९५५ सालच्या भुसावळच्या चित्रात डोक्यावर तारा आणि खांब आले, तर आजचा फोटो समोर ठेवून मागची बाजू रंगवली हे उघड होतं. त्यानंतरच्या काळात मात्र तारांखाली वाफेचं इंजिन दाखवायला हरकत नाही.

दुसरी टेंडरवरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरच्या, अक्षरांची. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी झाली. त्याआधीच्या इंजिनावर जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, अक्षरं हवीत. सुरत लाइनवरचं इंजिन असेल तर त्याच तारखेनंतर पश्चिम रेल्वे, त्याआधीची रेल्वे वेगळी.

बाकीच्या भराभर सांगतो. रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर नकोत. लाकडी किंवा लोखंडी दाखवा. पेरांबूरच्या कारखान्यातले लोखंडी डबे १९५५ नंतरचे. डब्यांचा रंग गडद मरून. आज आठवतो तो निळा रंग सगळीकडे पसरला नव्वदच्या दशकात. सिग्नल हाताचा, म्हणजे खांबावरची पट्टी. खाली झुकणाऱ्या प्रकारात पट्टी आडवी म्हणजे थांबा, झुकलेली म्हणजे निघा. गाडी धावताना दाखवली आणि तिच्या समोरच्या सिग्नलची पट्टी आडवीच ठेवली, असं चित्र आम्ही एका प्रदर्शनात फ्रेम करून लावलेलं पाहिलं आहे.

माणूस आणि इंजिन यांचं प्रमाण कसं बसवायचं?

दोन आकडे लक्षात ठेवले की टेप लागत नाही. ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिमी, म्हणजे साडेपाच फूट. आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या पुरुषाची उंचीही जवळपास तेवढीच. आणि डब्ल्यूपीच्या मोठ्या चाकाचा व्यास १७०२ मिमी. म्हणजे रुळांच्या पातळीवर, चाकाला खेटून उभा असलेला माणूस डोक्याने चाकाच्या वरच्या कडेला लागतो. डब्ल्यूजीचं चाक १५६२ मिमी, तिथे चाकाची कड डोळ्यांच्या आसपास येते. माणूस फलाटावर उभा असेल तर हा हिशोब बदलतो, कारण फलाट रुळापेक्षा वर असतो.

आता कॅनव्हासवर मांडून बघा. टेंडरसकट डब्ल्यूपीची लांबी साधारण २४ मीटर. ३६ इंच रुंद कॅनव्हासवर दोन्हीकडे दोन-दोन इंच सोडून पूर्ण इंजिन बाजूने काढलं तर एका मीटरला १.३ इंच मिळतात. माणूस होतो सव्वादोन इंचांचा आणि त्याचा चेहरा पाव इंचाच्या जरासा वर. एवढ्या चेहऱ्यावर ना घाम दिसतो ना कोळसा. म्हणून कामगार हा विषय असेल तर इंजिन कापा. कॅब (ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात ती जागा), टेंडरचा पुढचा भाग आणि शेवटचं मोठं चाक एवढं घेतलं तरी इंजिन ओळखू येतं. पूर्ण इंजिन हवंच असेल तर तीन-चतुर्थांश कोनातून, पुढचा भाग जवळ ठेवून काढा. लांबी आखडते आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला जागा मिळते.

चाकं अंडाकृती काढली तरी खोटी वाटतात. का?

कोनातून पाहिलेलं चाक म्हणजे लंबवर्तुळ, आणि त्याचा लहान अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेतच असला पाहिजे. बरेच जण मोठा अक्ष डोळे झाकून उभा धरतात. इंजिन डोळ्यांच्या पातळीपेक्षा खूप वर किंवा खाली असेल तेव्हा तो किंचित कललेला असतो. आधी आसांची रेघ लुप्तबिंदूकडे ओढा, तिला काटकोनात मोठा अक्ष घ्या, मग लंबवर्तुळ. एका बाजूची सगळी चाकं एकाच पट्टीत बसवण्यासाठी आधी चाकांच्या वरच्या कडांची आणि रुळाची अशा दोन रेघा आखून घ्या.

मोबाइलच्या फोटोवरून काढत असाल तर आणखी एक गोम आहे. मोबाइलची नेहमीची लेन्स बरीच रुंद पाहते, त्यामुळे फ्रेमच्या कडेची चाकं ताणली जातात. दहा-पंधरा पावलं मागे जा आणि दुप्पट झूम करून फोटो घ्या.

दांडे नेमके कसे जोडलेले असतात? इथेच सगळी गडबड होते.

होते खरी, म्हणून सविस्तर सांगतो. पुढे सिलिंडर. त्यातून पिस्टनचा दांडा मागे येतो आणि क्रॉसहेडला लागतो. क्रॉसहेड आडव्या पट्ट्यांवर फक्त पुढे-मागे सरकतं, वर-खाली अजिबात नाही. क्रॉसहेडपासून कनेक्टिंग रॉड निघतो आणि एका मोठ्या चाकाच्या क्रँकपिनला जोडला जातो. डब्ल्यूपीत हे मधलं मोठं चाक, डब्ल्यूजीत मोठ्या चाकांपैकी पुढून तिसरं. बाकीची मोठी चाकं साइड रॉडने बांधलेली असतात.

यावरून तीन नियम निघतात. एक, एका बाजूच्या सगळ्या मोठ्या चाकांच्या पिना एकाच स्थितीत हव्यात. पहिल्याची खाली आणि तिसऱ्याची मागे असं इंजिन हलूच शकत नाही. साइड रॉड चाक फिरताना नेहमी रुळाला समांतरच राहतो. दोन, चाकावरचं चंद्रकोरीसारखं वजन पिनेच्या बरोबर समोरच्या बाजूला येतं. पिन खाली तर वजन वर. तीन, कनेक्टिंग रॉडची लांबी बदलत नाही. पिन अगदी पुढे असेल तर क्रॉसहेड पट्ट्यांच्या पुढच्या टोकाला, पिन मागे तर मागच्या टोकाला, पिन खाली किंवा वर असेल तर साधारण मध्यावर. चित्रकार क्रॉसहेड एका फोटोतून आणि चाकं दुसऱ्या फोटोतून उचलतात तेव्हा हाच नियम मोडतो.

दुसऱ्या बाजूची चाकं दिसत असतील तर तिथल्या पिना ९० अंशांनी पुढे-मागे असतात. दोन्ही बाजू एकदम मृतबिंदूवर, म्हणजे पिस्टनने ढकललं तरी चाक फिरत नाही अशा जागी, येऊन इंजिन अडकू नये यासाठी ही सोय आहे. म्हणून दोन्ही बाजूंना दांडे खाली दाखवणं चूक.

क्रँकपिनवर आणखी एक छोटा क्रँक बसवलेला असतो. त्याच्यापासून एक बारीक दांडा पुढच्या वक्र लिंकपर्यंत जातो, आणि क्रॉसहेडपासून एक उभी पट्टी वर जाते. ही वाल्शर्ट व्हॉल्व्ह गिअर. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी दोन्हींवर ती बाहेरच आहे, म्हणून टाळता येत नाही. सगळे नट-बोल्ट नकोत, पण हे दोन जोड योग्य जागी हवेत.

उभ्या इंजिनाचं चित्र असेल तर पिना खाली असलेली स्थिती निवडा. दांडे खाली एका रेघेत येतात, चाकांचे आरे मोकळे दिसतात आणि ड्रायव्हर तेल घालताना वाकला तर त्याचा हात कुठे जातो तेही स्पष्ट राहतं.

धूर आणि वाफ एकाच पांढऱ्या-काळ्या ढगात काढतो. बरोबर आहे का?

नाही. खरी वाफ दिसतच नाही. दिसतो तो तिचा थंड होऊन झालेला पाण्याच्या बारीक थेंबांचा ढग. सेफ्टी व्हॉल्व्ह उडताना नीट पाहिलं तर तोंडाजवळ थोडी जागा मोकळी असते आणि पांढरा ढग वर सुरू होतो. ती मोकळी जागा सोडली की वाफेचा जोर चित्रात दिसायला लागतो. ढग थेट नळीला चिकटवला तर कापसाचा बोळा लावल्यासारखं वाटतं.

खान्देशातलं हवामान इथे फार महत्त्वाचं. मे महिन्यात ४४–४५ अंशांच्या कोरड्या हवेत वाफेचा ढग क्षणात विरतो. धुरांड्यावर छोटा, फाटका पुंजका आणि त्यामागे करडा धूर, एवढंच. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तोच ढग घट्ट, गुबगुबीत होतो आणि गाडीच्या मागे बराच लांब रेंगाळतो. विलायतेतल्या चित्रांवरून वाफ उचलून तिच्याखाली रावेरच्या केळीबागा आणि भर दुपारचं ऊन रंगवलं की दोन ऋतू एकत्र येतात.

धुराचा रंग आगीवर ठरतो. नुकता कोळसा टाकला आणि हवा कमी पडली की काळा धूर येतो. आग चांगली असेल तर धुरांड्यावर फिकट करडी झाक उरते. काळाकुट्ट धूर म्हणजे ताकद असं समजून सगळे तोच काढतात, पण सतत काळा धूर सोडणारा फायरमन कामात कच्चा किंवा कोळसा वाईट, असं शेडमधला माणूस वाचेल. पातळ धूर गडद झाडीसमोर निळसर दिसतो आणि उजळ आकाशासमोर तपकिरी. एकाच धुराच्या पट्ट्यात हा बदल दाखवला तर अर्धं काम झालं.

पुंजक्यांचं गणित वेगावर अवलंबून असतं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात धुरांड्यातून वाफेचे चार ठोके. डब्ल्यूपीचं चाक एका फेऱ्यात सुमारे ५.३ मीटर जातं. ताशी १० किमीला सेकंदाला दोन ठोके पडतात, म्हणून निघताना सुटे पुंजके दाखवा. ताशी ६० किमीला सेकंदाला बारा. तिथे सलग पट्टा हवा.

मग कुठल्या वेळी कोण काय करत असतो?

गाडी निघताना सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे असतात. आत साचलेलं पाणी बाहेर निघायला हवं, म्हणून इंजिनाच्या पुढे दोन्ही बाजूंना, अगदी खाली जमिनीलगत पांढरे झोत दिसतात. ड्रायव्हरचा एक हात रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणाऱ्या दांड्यावर, आणि डोकं खिडकीबाहेर. डब्ल्यूपी-डब्ल्यूजीवर तो डाव्या बाजूला बसतो. या क्षणी फायरमनच्या हातात फावडं नको. तो मागे वळून गार्डकडे पाहतोय असं दाखवा.

जोरात ओढताना धुरांड्यातून दाट पट्टा, ड्रेन कॉक बंद. आता फावडं चालू. ब्रॉडगेजच्या मोठ्या इंजिनावर ड्रायव्हर आणि दोन फायरमन असत. एक आग सांभाळतो, दुसरा टेंडरमधले मोठे ढेकळे हातोड्याने फोडून कोळसा पुढे ओढतो. भट्टीचं दार दर फावड्यागणिक उघडतं आणि लगेच बंद होतं, कारण थंड हवा आत गेली की वाफेचा दाब पडतो. फायरमन पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभा असतो आणि कंबर वळवतो. शेतात माती ओढतानाची पाठ वाकलेली ढब इथे चालत नाही. हलत्या पत्र्यावर तसा उभा राहिला तर तो पडेल.

थांबत येताना रेग्युलेटर बंद, म्हणजे ठोके बंद. धुरांड्यावर आळसावलेला पातळ धूर, तो खाली बॉयलरवर उतरतो. ड्रायव्हरचा हात ब्रेकवर. मागची आग अजून तेज असेल तर याच वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतात.

उभ्या इंजिनाजवळ खरी वर्दळ. ड्रायव्हर लांब नळीची तेलाची झारी घेऊन दांड्यांच्या सांध्यांवर तेल घालतो, दुसऱ्या हातात कॉटन वेस्टचा गोळा. तो बेअरिंगला हाताची पाठ लावून गरम आहे का बघतो, हा हावभाव फार कमी चित्रांत येतो आणि तोच सगळ्यात खरा. दुसरा फायरमन टेंडरवर चढून वॉटर कॉलमचं, म्हणजे पाणी भरायच्या उंच नळाचं, तोंड पाण्याच्या झाकणात फिरवतो. डब्ल्यूपीच्या टेंडरमध्ये साधारण २५ हजार लिटर पाणी आणि १५ टन कोळसा मावतो. भरल्या टेंडरवर कोळशाचा ढीग कडेच्या वर दिसतो, लांबच्या फेरीनंतर दिसत नाही. पोचलेली गाडी आणि शिगोशीग टेंडर, हेही जमत नाही.

शेडमध्ये आग काढणारे, नळ्या साफ करणारे, बॉयलर धुणारे, फिटर, खलाशी आणि कोळशाच्या टोपल्या वाहणारे मजूर. डोक्यावर टोपली घेतलेली बाई काढत असाल तर चुंबळ विसरू नका, आणि मान सरळ ठेवा. वजन मानेवरून पाठीच्या कण्यात उतरतं, म्हणून चालताना खांदे स्थिर आणि कंबर हलती. राखेच्या खड्ड्यात लाल निखारे पडत असताना माणसं लांब सळया घेऊन अंग मागे झुकवून काम करतात. उष्णता तोंडावर येते, म्हणून चेहरा अर्धा वळलेला.

कॉलमनही काढण्यासारखा आहे आणि त्याला कुणी काढत नाही. ड्यूटीवर जाणाऱ्या ड्रायव्हर-फायरमनला रात्री-अपरात्री घरी जाऊन उठवणारा हा माणूस. रेल्वे क्वार्टरचं दार, हातात कंदील आणि वही. इंजिन मागे एका पुंजक्याएवढं असलं तरी चालतं.

काळं इंजिन काळ्या रंगाने रंगवलं की सपाट होतं. उपाय?

नळीतला काळा रंग शेवटच्या पाच टक्क्यांसाठी ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून काळं करा. प्रमाण बदललं की तेच काळं थंड किंवा गरम होतं. बॉयलर हे आडवं नळकांडं. वरच्या अंगावर आकाश पडतं, तिथे फिकट निळसर-करडा पट्टा. त्याखाली अंगाचा खरा रंग. सर्वांत गडद पट्टा मध्याच्या थोडा खाली, आणि तळाशी जमिनीचा परत आलेला उजेड. हा शेवटचा पट्टा कोकणातल्या तांबड्या मातीवर चांगला उबदार येतो. आपल्याकडे खाली बेसॉल्टची काळी खडी आणि पलीकडे कपाशीची काळी जमीन, म्हणून तो मंद, करडा-तपकिरी ठेवा. उन्हाळ्यात मात्र सगळ्या आडव्या पृष्ठभागांवर फिकट धुळीचा थर असतो. येलो ऑकर, पांढरा आणि थोडा निळा, कोरड्या ब्रशने.

इंजिन सगळीकडे सारखं काळं नसतंच. धुरपेटी, म्हणजे धुरांड्याखालचा पुढचा भाग, उष्णतेने निस्तेज, राखाडी. बॉयलरवर चमक. बॉयलर धुण्याच्या प्लगांखाली आणि वाफ गळते तिथे पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ. दांडे चांदीच्या रंगाने रंगवू नका. घासलेलं पोलाद आरशासारखं असतं, वरची कड आकाशाची आणि खालची कड खडीची. गडद आणि उजळ अशा दोन कडक रेघा शेजारी आल्या की पोलाद दिसतं. पुढची बफर बीम, म्हणजे बफर बसवलेली आडवी तुळई, लाल, पण धुळीने मळवलेली.

कोळशाने माखलेला चेहरा कसा रंगवावा?

आधी माणूस रंगवा, मग कोळसा. बर्न्ट सिएना, येलो ऑकर आणि थोडं अल्ट्रामरीन यावर त्वचेची बैठक बसते. सावलीत काळा नको. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन पुरेसं. तो थर वाळल्यावर पातळ गडद थर, पण सगळीकडे सारखा नाही. कोळशाची भुकटी कपाळाच्या आठ्यांत, नाकाच्या बाजूला, मानेच्या घड्यांत, कानाच्या पाळीत आणि नखांत बसते. घाम जिथून ओघळतो तिथे आणि रुमाल फिरतो तिथे त्वचा उघडी पडते. गॉगल लावणाऱ्याच्या डोळ्यांभोवती स्वच्छ वळं राहतं. संपूर्ण चेहरा एका थराने काळवंडला तर कामगाराऐवजी मुखवटा तयार होतो.

कपडे निळ्या जाड सुती कापडाचे. जुने झाले की गुडघे-कोपरावर निळा रंग विटतो आणि मांडीवर हात पुसून-पुसून तेलकट काळा होतो. डोक्याला बांधलेला रुमाल हा चित्रातला एकमेव उजळ ठिपका ठेवता आला तर नजर तिथेच जाते.

रात्रीच्या कॅबमध्ये आगीचा उजेड किती दाखवायचा?

दार उघडं असेल तरच. उजेड खालून आणि समोरून येतो, म्हणून फायरमनच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, पोटावर आणि मांड्यांवर पडतो. कपाळ अंधारात. भट्टीचा गाभा जवळपास पांढरा-पिवळा, कडा नारिंगी. सगळी आग लाल-नारिंगी केली तर ती विझत आलेली दिसते. वर वाफ किंवा धूर असेल तर त्याच्या खालच्या बाजूलाही दार उघडल्यावर तांबूस झळाळी पडते, ती विसरली जाते. ड्रायव्हरला ही झळ तिरपी मिळते, त्याच्या दुसऱ्या गालावर खिडकीतून येणारा थंड निळसर उजेड. दिवसा याच आगीचा उजेड चेहऱ्यावर जवळपास दिसत नाही.

जलरंग, ॲक्रिलिक की तैलरंग? आणि मे महिन्यात रंग वाळून जातो त्याचं काय?

वाफेसाठी जलरंग, धातूसाठी तैलरंग, घाईसाठी ॲक्रिलिक. चित्रात माणूस आणि इंजिन दोन्ही महत्त्वाचे असतील तर तैलरंग घ्या, कडा हव्या तेव्हा विरघळवता येतात.

जलरंगात ३०० जीएसएम कागद पाच-सात मिनिटं भिजवून फळीवर टेपने ताणा. वाफेची जागा कागदाचीच पांढरी ठेवा. ढगाच्या उन्हाकडच्या बाजूची कड कोरडी, स्पष्ट; सावलीकडची ओल्यात विरलेली. आपल्या उन्हाळ्यात पातळ रंगाचा थर (वॉश) एका मिनिटात सुकतो आणि मध्येच रेघ पडते. सकाळी नऊच्या आत बसा, पंखा बंद ठेवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाका आणि कागद मागूनही ओला करा. पांढरी जागा झाकायचं मास्किंग फ्लुइड अशा उष्णतेत दिवसभर तसंच ठेवलं तर कागदाची साल घेऊनच निघतं. दोन-तीन तासांत काढा.

ॲक्रिलिकला ओली पॅलेट करा: डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर. रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य) बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त घालू नका, थर चिकट राहतो. पूर्ण झालेली ॲक्रिलिक चित्रं पत्र्याच्या खोलीत एकावर एक तोंडाला तोंड लावून ठेवली तर उन्हाळ्यात चिकटतात.

तैलरंगात खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर तेलयुक्त. उलटं झालं तर वरचा थर आधी सुकतो आणि खालचा हलत राहिल्याने भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक हळू सुकतो, म्हणून त्याचा जाड थर खाली नको. इंजिनाच्या चित्रांना भेगा बहुतेक तिथूनच पडतात.

प्रत्यक्ष इंजिन पाहायला कुठे जावं? यार्डात जाऊन स्केच करता येईल का?

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे, पाचोरा–जामनेरच्या चित्रासाठी ते जवळचं. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि हरियाणातली रेवाडीची वाफेच्या इंजिनांची शेड मोठ्या इंजिनांसाठी. रेवाडीत इंजिनं चालत्या स्थितीत ठेवली जातात, त्यामुळे तेल, गळती, काजळी खरी दिसते. चौथऱ्यावर उभ्या केलेल्या इंजिनांवरून आकार घ्या, रंग घेऊ नका. सुशोभीकरणात दांड्यांना चांदी आणि चाकांना पिवळा फासलेला असतो, कधी एखादा दांडाच गायब असतो.

परवानगीशिवाय यार्डात किंवा रुळांवर शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फलाटावर बसून वहीत स्केच करायचं असेल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं. शेडमध्ये जायचं असेल तर विभागीय कार्यालयाकडे लेखी अर्ज. अर्जात तारीख, माणसं किती आणि स्टँड-इझल आणणार का, हे लिहा.

निवृत्त रेल्वेवाल्यांकडून माहिती कशी काढावी?

भुसावळ, चाळीसगाव, पाचोऱ्यात अजून असे तात्या, नाना, आबा आहेत. ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हटलं की भाषण मिळतं. त्याऐवजी रिकामी रूपरेषा समोर ठेवा आणि विचारा: ‘आबा, इथं तुमचा डावा हात कुठं राहायचा?’ हातात झाडू किंवा काठी द्या आणि फावडं मारून दाखवायला सांगा. शरीर विसरत नाही. दोन-तीन रेघांचं स्केच तिथेच करा, फोटो नंतर. पूर्ण झालेलं चित्र आधी त्यांना दाखवा. ते पहिल्यांदा बोट ठेवतील ती चूकच असते.

जुन्या फोटोवरून चित्र काढलं तर चालेल का?

अभ्यासाला चालेल. जसंच्या तसं उतरवून विकायचं असेल तर नाही. भारतीय कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो; त्याआधी तो प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असे. तीन-चार फोटोंतून माहिती घ्या, कोन आणि उजेड तुमचा ठेवा. फक्त सगळ्या फोटोंत इंजिन एकाच वर्गाचं आहे ना, ते तपासा.

कुणाची चित्रं पाहावीत?

हवेसाठी इंग्रज चित्रकार टर्नरचं १८४४ मधलं पावसातून येणाऱ्या गाडीचं चित्र. काचेच्या छताखाली अडकलेल्या वाफेसाठी फ्रेंच चित्रकार मोनेची १८७७ ची सेंट-लाझार स्टेशनची मालिका. यंत्राच्या बारकाव्यासाठी ब्रिटिश चित्रकार टेरेन्स क्यूनिओ. पण कामगारांसाठी आम्ही आधी जर्मन चित्रकार आडोल्फ मेंझेलचं १८७५ मध्ये पूर्ण झालेलं लोखंडाच्या कारखान्याचं चित्र बघायला सांगतो. तिथे प्रत्येक माणूस काहीतरी करतोय, कोपऱ्यात डबा उघडून जेवणारेसुद्धा. आणि जळगावहून अजिंठा किती लांब आहे? गर्दीत प्रत्येक हाताला काम कसं द्यायचं आणि गेरू, पिवळी माती, काजळी एवढ्यावर किती छटा निघतात, ते तिथे जाऊन बघा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांनी काय करावं?

डब्ल्यूजी, बाजूने, तीन चाकांपुरतं. पुढे तेल घालणारा एक माणूस. पिना खाली. धूर कमी. वेळेत होतं.

पूर्ण झाल्यावर वार्निश कधी, आणि चिंध्या कुठे टाकायच्या?

तैलचित्राला सहा महिने ते वर्षभर थांबा. थर पातळ असेल तर सहा, जाड असेल तर वर्ष. जुलै-ऑगस्टमध्ये वार्निश करू नका, दमटपणाने पांढुरकी झाक येते. काळ्या रंगात काही भाग निस्तेज आणि काही चकचकीत दिसत असतील तर तेल खाली शोषलं गेलंय. वार्निशने ते एकसारखं होतं, त्यावर रंगाचा नवा थर चढवू नका. पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटवून न ठेवता मागे बुचाचे तुकडे लावून अर्धा इंच हवा खेळती ठेवा, नाहीतर मागून बुरशी येते.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. सुकताना तेल उष्णता सोडतं, गोळ्यात ती अडकते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक चिंधी उघडी करून बाहेर तारेवर वाळवा, किंवा झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात टाका. डबा रोज रात्री खोलीच्या बाहेर.